जुनी पद्मिनी, नवा गिअरबॉक्स आणि तेलाची उष्णता

वसई रोड स्थानकापासून फार दूर नसलेल्या एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर, जाड कापडाखाली झाकून ठेवलेली एक जुनी प्रीमियर पद्मिनी डोळ्यांपुढे आणावी. गाडी १९७४ सालची, घर किराणा-धान्याच्या व्यापाऱ्याचे. याच गाडीतून आजोबांनी मशीद बंदरच्या घाऊक बाजारात खेपा केल्या आणि याच गाडीतून घरातल्या दोन मुलींची पाठवणी झाली. गाडी आता ज्यांच्या नावावर आहे, ते घरातील वडील पासष्टी ओलांडून गेले आहेत. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून क्लच दाबणे त्यांना झेपत नाही. मुलाच्या मनात येते की, या गाडीला स्वयंचलित गिअरबॉक्स बसवावा, म्हणजे पप्पांना आपली गाडी पुन्हा स्वतः चालवता येईल.

मिस्त्री तयार असतो. जुन्या जपानी गाडीचा गिअरबॉक्सही मिळतो. मूळ इंजिनाला तो जोडण्यासाठी मधली पट्टी वालीव-गोखिवऱ्याच्या एखाद्या कारखान्यात कातून घेता येईल, असे ठरते. घरात चर्चा रंगते ती रंगाची, आसनांची आणि गिअरच्या दांड्याची. गिअरबॉक्सचे तेल थंड ठेवणाऱ्या कूलरचे नाव मात्र यादीत शेवटी येते, नाही तर येतच नाही. "शेठ, गाडी आधी चालू तर होऊ द्या, कूलरचे नंतर बघू," असे मिस्त्री म्हणतो आणि सर्वजण मान डोलावतात.

चूक येथेच होते. स्वयंचलित गिअरबॉक्स बसवायचा असेल तर कूलरचा विचार गिअरबॉक्सच्या आधी करावा लागतो. तो कोणता घ्यावा, कोठे बसवावा आणि त्याआधी कोणते कागद पूर्ण करावेत, याचा येथे क्रमाने विचार केला आहे.

कुर्ल्याची गाडी

या गाडीविषयी व्यापारी घरांना वाटणाऱ्या जिव्हाळ्याला इतिहासाचाही आधार आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद दोशी यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत भारतीयांचे पाऊल रोवले. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि फियाट ११०० आली. तिचेच १९७४ पासूनचे नाव प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती घरोघरी ओळखीची झाली. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

या गाडीचे इंजिन १०८९ घन सेंटीमीटरचे असून शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती आहे. रिकाम्या गाडीचे वजन ९०० किलोच्या आसपास भरते. गिअर हाताने बदलायचे आणि क्लच पायाने दाबायचा, हे गृहीत धरूनच तिचा रेडिएटर बनवलेला आहे. त्यात पाणी थंड होते. गिअरबॉक्सचे तेल थंड करण्याची सोय त्यात नाही, कारण हाताच्या गिअरबॉक्सला तिची गरजच नव्हती. पुढचा सारा प्रश्न यातूनच उभा राहतो.

क्लचऐवजी तेल

दोन टेबल-पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचीही पाती फिरू लागतात. स्वयंचलित गिअरबॉक्समधील टॉर्क कन्व्हर्टर याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच की तेथे हवेच्या जागी तेल असते. इंजिन एक पाते फिरवते, तेल दुसऱ्या पात्याला रेटते आणि गाडी पुढे सरकते. चालकाच्या डाव्या पायाचे काम अशा रीतीने तेलावर सोपवले जाते.

दोन पात्यांच्या गतीत जो फरक राहतो, तितकी शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. तिची उष्णता होते. घाट चढताना इंजिन २५ किलोवॉट शक्ती देत असेल आणि त्यातील पाचवा हिस्सा तेलातच राहत असेल, तर ती ५ किलोवॉट उष्णता झाली, म्हणजे स्नानगृहातील २ किलोवॉटचे अडीच गिझर गिअरबॉक्समध्ये सतत चालू असल्यासारखे. इंजिन लहान आणि चढ मोठा, तर हा फरक वाढतो. जुन्या गाडीत म्हणूनच अधिक सावध राहावे लागते.

हे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियसला सुखाने काम करते. त्यापुढे, तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा कार्यशाळांतील ढोबळ नियम आहे. चक्रवाढ व्याजाचा हिशेब ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांना याचा अर्थ लगेच उमगेल. ८५ अंशांना जे तेल आठ वर्षे टिकले असते, ते ९५ अंशांना चार, १०५ ला दोन आणि ११५ ला एक वर्ष टिकेल. ११५ च्या आसपास तेलाचा चिकट थर आतील भागांवर बसू लागतो. १२५ ते १३० अंशांना रबरी सील कडक होतात आणि १४५ च्या पुढे आतील क्लचच्या चकत्या घसरू लागतात. त्यानंतर गिअरबॉक्स उघडण्यावाचून मार्ग उरत नाही. इंजिन तापले तर बॉनेटमधून वाफ येते आणि काटा लाल होतो. गिअरबॉक्स मात्र तापल्याचे बहुधा कळत नाही. ज्या दिवशी कळते, त्या दिवशी गाडी घाटात उभी असते आणि आत घरातील वृद्ध माणसे बसलेली असतात.

वसई-विरारचे रस्ते या दृष्टीने कठीणच. अहमदाबाद महामार्गावर खाडीच्या पुलाजवळ रांगा लागतात. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ आणि कोंडी एकाच ठिकाणी गाठतात. गाडी गोगलगायीच्या गतीने सरकते, टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत राहतो आणि पुढून वारा मात्र येत नाही. किनाऱ्यावरील दमट हवेने माणूस हैराण होतो, कारण त्याचा घाम सुकत नाही. कूलरला दमटपणाची तितकी बाधा होत नाही. त्याला वाहती हवा हवी असते, आणि कोंडीत नेमकी तीच मिळत नाही.

निवड कशी करावी

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे कूलर दिसतात. पहिल्यात एकच लांब नळी वळणे घेत पातळ फिनमधून जाते. तो सर्वांत स्वस्त आणि साधा. पण तेवढेच काम करण्यासाठी त्याला जागा अधिक लागते. दुसऱ्यात नळीच्या जागी चपटे मार्ग असतात, त्यामुळे तो थोडा अधिक कार्यक्षम ठरतो. तिसऱ्यात अनेक चपट्या थाळ्या एकावर एक रचलेल्या असतात आणि तेल एकाच वेळी सर्वांतून वाहते. तो महाग असला तरी लहान जागेत जास्त उष्णता बाहेर टाकतो आणि तेलाच्या प्रवाहाला कमी अडथळा करतो. पद्मिनीच्या पुढच्या भागात जागा मर्यादित असल्याने हा तिसरा प्रकार घेणे हिताचे.

आकार ठरवताना कूलरच्या खोक्यावर लिहिलेले वजन पाहतात. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, वजन रिकाम्या गाडीचे धरू नये. पाच माणसे आणि सामान धरून ते साडेबाराशे किलोपर्यंत जाते. दुसरी अधिक महत्त्वाची. अनेक उत्पादकांचे कोष्टक असे गृहीत धरते की, गाडीच्या रेडिएटरमध्ये तेल थंड करण्याची सोय आधीच आहे आणि हा कूलर तिला केवळ जोड देणार आहे. पद्मिनीत ती सोय नाही. येथे सारा भार एकट्या कूलरवर पडणार असल्याने कोष्टकापेक्षा एक-दोन आकार मोठा कूलर घ्यावा. थंड प्रदेशात तेल गरजेपेक्षा जास्त थंड होण्याची भीती असते. वसईत ती जवळजवळ नाही.

काही मिस्त्री तेलाची सोय असलेला दुसऱ्या गाडीचा जुना रेडिएटर बसवण्याचा सल्ला देतात. त्यात एक गुण आहे: पाण्याच्या सान्निध्यात तेलाचे तापमान स्थिर राहते. परंतु जुन्या रेडिएटरमधील आतली नळी गळू लागली, तर पाणी तेलात मिसळते. तेल गुलाबी दुधासारखे दिसू लागते आणि क्लचच्या चकत्यांचे अस्तर सुटते. जुना रेडिएटर यासाठी घेऊच नये. नवा घेतला तर तेल आधी रेडिएटरमधून, नंतर पुढच्या कूलरमधून आणि मग गिअरबॉक्सकडे, असा क्रम ठेवावा. उलट क्रमाने जोडल्यास कूलरने थंड केलेले तेल गरम पाण्यात पुन्हा तापते.

कोठे आणि कसा बसवावा

सर्वांत चांगली जागा ग्रिलच्या मागे आणि रेडिएटरच्या पुढे. तेथे ताजी हवा प्रथम कूलरला मिळते. मात्र कूलरने रेडिएटरचा सारा पृष्ठभाग झाकू नये, नाही तर तेल वाचवताना इंजिन तापेल. तो शक्य तितका एका बाजूस घ्यावा आणि दोहोंमध्ये एक ते दोन सेंटीमीटर अंतर सोडावे. गाडीला वातानुकूलन बसवले असेल, तर त्याच्या कंडेन्सरचा थरही तेथेच येतो. मग जागा मोजून, पुठ्ठ्याचा नमुना कापून आणि तो प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये.

कूलरसोबत प्लास्टिकच्या काड्या मिळतात. त्या रेडिएटरच्या फिनमधून आरपार घालून कूलर अडकवता येतो. काम दहा मिनिटांत होते. पण गाडीच्या थरथरीने कूलर रेडिएटरवर घासत राहतो आणि काही महिन्यांत दोन्हींपैकी एकाला भोक पडते. लोखंडी ब्रॅकेट करून रबरी बुशांवर कूलर बसवावा. रबरामुळे थरथर कमी होते. शिवाय ॲल्युमिनियम आणि लोखंड यांचा थेट स्पर्श टळतो. खाऱ्या हवेत हा स्पर्श गंजाला आमंत्रण देतो. ब्रॅकेटसाठी चॅसिसला नवी भोके पाडू नयेत. मूळ भोके आणि क्लॅम्प यांचाच उपयोग करावा, म्हणजे उद्या गाडी मूळ रूपात आणायची झाल्यास खूण राहणार नाही.

कूलरच्या नळ्यांची तोंडे वर किंवा बाजूला ठेवावीत. ती खाली आली तर आत हवेचे बुडबुडे अडकतात आणि कूलरचा काही भाग निकामी राहतो. तो गाडीच्या पोटाखाली, जमिनीलगत आडवा बसवणे टाळावे. तेथे वारा कमी, चिखल अधिक, आणि नालासोपारा-वसईच्या पावसाळी पाण्यात तो बुडणार हे निश्चित.

नळ्यांच्या बाबतीत काटकसर करू नये. पेट्रोलची साधी रबरी नळी दिसायला तशीच असते. पण गरम तेलाने ती आतून फुगते आणि तडकते. गिअरबॉक्स तेलाच्या कूलरसाठीच बनवलेली नळी घ्यावी. लांब अंतरासाठी पोलादी नळी वापरावी आणि रबरी नळी केवळ टोकांना असावी. तांब्याची नळी वाकवायला सोपी असली तरी थरथरीने ती कडक होऊन तडकते. नळ्या सायलेन्सरपासून दूर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांपासून मोकळ्या असाव्यात, त्यांना तीव्र वळण नसावे. वापरलेला गिअरबॉक्स असेल तर परतीच्या नळीत छोटा फिल्टर बसवणे उपयुक्त, कारण जुना कचरा नव्या कूलरमध्ये अडकू नये.

कोंडीसाठी विजेचा पंखा हवाच. तेल ८५ ते ९० अंशांवर गेले की तो आपोआप सुरू व्हावा, त्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले असावा. पंखा हवा कोणत्या दिशेने ढकलतो, ते कागदाचा कपटा धरून तपासावे. उलट जोडलेला पंखा गाडीच्या वेगाने येणाऱ्या हवेलाच अडवतो.

तापमापकाशिवाय हे सारे अपूर्ण आहे. काटा चालकाला सहज दिसेल अशा जागी असावा आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक असावा. कोंडीत एक-दोन मिनिटांहून अधिक थांबायचे असेल तर हँडब्रेक लावून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा. घाटात खालच्या गिअरमध्येच चढावे. काटा ११० च्या जवळ गेला तर गाडी सुरक्षित जागी उभी करावी, पण इंजिन लगेच बंद करू नये. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहिले तर तेल कूलरमधून फिरत राहते आणि नवी उष्णता फारशी तयार होत नाही.

कागद आधी, पाना नंतर

मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ गाडीतील बदलांविषयी आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलास प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. म्हणून गिअरबॉक्स विकत घेण्यापूर्वी एमएच-४८ च्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर घ्यावे. तोंडी होकार हा दस्तऐवज नव्हे. परवानगी मिळाली नाही तर विषय तेथेच थांबवावा.

१९७४ च्या गाडीपुढे आणखी एक वाट आहे. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र गाडी मूळ रूपात असावी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट आहे. शिवाय अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. गिअरबॉक्ससाठी बॉडीचा तळ कापावा लागला तर ही वाट बंद होण्याचा धोका आहे. गाडी ठेवा म्हणून जपायची की वडिलांनी रोज चालवायची, हा निर्णय म्हणून पत्रा कापण्यापूर्वीच घरात बसून घ्यावा.

बदल विमा कंपनीस लेखी कळवावा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचण ठरतो. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. तेव्हा छायाचित्रे आणि बिले जपून ठेवावीत. हे बिल पेढीच्या नावे करून जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेण्याचा मोहही टाळावा. तेरापर्यंत आसनांच्या गाडीवर, तसेच तिच्या दुरुस्ती आणि विम्यावर, सर्वसाधारण व्यापाऱ्याला हे क्रेडिट मिळत नाही.

केवळ रुपयांचा हिशेब मांडला तर उत्तर सरळ आहे: वडिलांसाठी एखादी छोटी स्वयंचलित गाडी घ्यावी आणि पद्मिनी आहे तशी जपावी. परंतु पन्नास वर्षे ज्या चाकामागे बसलो, त्याच चाकामागे पुन्हा बसावे, ही वडिलांची इच्छाही खोटी नाही. ती पूर्ण करायची तर तिचा खर्च ममतेच्या खाती उघडपणे लिहावा, गुंतवणुकीच्या नव्हे. मिस्त्रीच्या अंदाजपत्रकात कूलर, पंखा, नळ्या आणि तापमापक यांची ओळ पहिल्याच दिवशी वेगळी दाखवून घ्यावी. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उघडण्याच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळच असते.

पहिले पाचशे किलोमीटर

कूलर आणि नळ्या यांमुळे गिअरबॉक्सला नेहमीपेक्षा अधिक तेल लागते. तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच भरावे, आणि पातळी तेल गरम झाल्यावर, त्याने सांगितलेल्या पद्धतीनेच तपासावी. रात्रभर गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरावा. सकाळी त्यावर लाल थेंब दिसला तर सांधे पुन्हा आवळावेत. हीच तपासणी ५० आणि ५०० किलोमीटरनंतर करावी. पावसाळ्यानंतर कूलरच्या फिनमधील माती हलक्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने फिन वाकतात.

गाडीत एक छोटी वही ठेवावी. तारीख, मार्ग, बाहेरचे ऊन, कोंडीची मिनिटे आणि तेलाचे सर्वाधिक तापमान, एवढ्याच नोंदी तीत असाव्यात. पहिली फेरी घरापासून शिरसाडच्या महावीर धामापर्यंतची, सकाळी लवकर. दुसरी दुपारच्या उन्हात, गायमुखचा चढ आणि तेथील कोंडी यांतून. दोन्ही वेळा काटा ९५ च्या आत राहिला, तरच पुढे कसारा घाटातून नाशिकचा विचार करावा, आणि तोही प्रथम दोनच माणसे घेऊन. काटा वारंवार १०५ कडे जात असेल तर घाट विसरून गाडी पुन्हा मिस्त्रीकडे न्यावी. कूलर लहान पडला असेल, पंखा उलट असेल किंवा नळी कोठे तरी दबली असेल.

वहीची चार पाने अशी समाधानकारक भरली, की मग घरातील सर्वांना घेऊन निघायला हरकत नाही. चालकाच्या आसनावर वडील असतील आणि कोंडी लागताच गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन ते एकदा काट्याकडे पाहतील. शेजारी बसलेल्या मुलाने तेवढा आकडा वहीत लिहावा.